एकसर–समांतर जोडणीचं गणित दरवेळी चुकतं? चूक नेमकी कुठे होते आणि ती कशी पकडायची

नववीच्या 'धाराविद्युत' प्रकरणावर पहिली चाचणी झाली की मुंबईतल्या कुठल्याही शिकवणीत एकच तक्रार ऐकू येते: "सूत्रं पाठ आहेत, तरी गणित चुकतं." आई-वडील सांगतात, घरी सोडवताना बरोबर येतं, पेपरात आकृती थोडी बदलली की गाडी अडते. दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' शिकताना तोच गोंधळ पुन्हा वर येतो. अकरावीला सायन्स घेतलं तर तो अधिकच महागात पडतो.

मी बरीच वर्षं हा भाग शिकवते आहे. उत्तरपत्रिका तपासताना दिसतं की सूत्र क्वचितच चुकलेलं असतं. चूक त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. एक तर कोणते रोध (रेझिस्टर) एकसर (सिरीज) आणि कोणते समांतर (पॅरलल) हे ओळखताना मूल फसतं, नाहीतर विद्युतधारेबद्दल त्याच्या मनात एखादी चुकीची समजूत घट्ट बसलेली असते. अशा वेळी आणखी पन्नास गणितं सोडवून घेतली तर तीच चूक पन्नास वेळा गिरवली जाते. म्हणून आधी चूक कुठल्या जातीची आहे ते शोधा, मगच सराव.

"एका ओळीत आहेत, म्हणजे एकसर"

सर्वांत जास्त मुलं इथे अडकतात, म्हणून यावर जरा थांबूया. वही-पेन्सिल घ्या. एका आडव्या रेषेत प्रत्येकी ६ ओहमचे तीन रोध काढा. डावं टोक अ, पहिल्या आणि दुसऱ्या रोधाच्या मध्ये ब, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये क, उजवं टोक ड. आता अ पासून क पर्यंत वरून एक साधी तार काढा, आणि ब पासून ड पर्यंत खालून दुसरी. अ आणि ड यांच्यामध्ये परिणामी रोध, म्हणजे तिघांचा मिळून एकच रोध, किती?

वर्गात बहुतेक हात १८ ओहमला वर होतात. थोडी मुलं म्हणतात, तारांमुळे शॉर्ट झालं, म्हणून शून्य. उत्तर आहे २ ओहम.

का, ते पाहा. शाळेच्या गणितात जोडणीच्या तारेचा रोध शून्य धरतात. रोध शून्य, म्हणजे तारेच्या दोन टोकांमध्ये विभवांतरही (व्होल्टेजचा फरक) शून्य. म्हणून तार कितीही लांब काढा, कशीही वळवा, विजेच्या दृष्टीने ती अख्खी एकच बिंदू आहे. अ आणि क तारेने जोडले, तेव्हा क हा वेगळा बिंदू उरलाच नाही, तो अ झाला. तसाच ड हा ब झाला. आता पहिला रोध अ आणि ब यांच्यात आहे. दुसरा ब आणि क यांच्यात, म्हणजे पुन्हा ब आणि अ. तिसरा क आणि ड यांच्यात, म्हणजे अ आणि ब. तिघांचीही टोकं त्याच दोन बिंदूंना जोडलेली आहेत. तिन्ही समांतर. ६ भागिले ३, उत्तर २.

मुलं चित्राचा आकार बघतात, जोडणी बघत नाहीत. पुस्तकातल्या पहिल्या आकृतीत एकसर रोध एका ओळीत असतात आणि समांतर रोध शिडीच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक. तेच चित्र डोक्यात बसतं. पेपर काढणाऱ्याने तीच जोडणी तिरकी किंवा गोल काढली की ओळख पटत नाही.

यावर माझ्या अनुभवात एकच उपाय खात्रीने चालतो: तारांना रंग द्या. घटाच्या धन टोकापासून निघा आणि पहिला रोध येईपर्यंत ती तार, तिचे सगळे फाटे, सगळी वळणं लाल रंगवा. रोध ओलांडला की रंग बदला. बंद कळ ही तारच समजा. ॲमीटरही तार समजा, कारण त्याचा रोध नगण्य असतो. व्होल्टमीटर तात्पुरता खोडून टाका, कारण त्याचा रोध फार मोठा असतो आणि त्यातून जवळजवळ धारा जातच नाही. परीक्षेत रंग नेता येत नसतील तर अ, ब, क ही अक्षरं पुरतात. मात्र एका तारेला, तिच्या सगळ्या फाट्यांसकट, एकच अक्षर द्यायचं.

रंगवून झालं की निवाडा सरळ होतो. दोन रोधांची दोन्ही टोकं त्याच दोन रंगांची असतील तर ते समांतर. दोन रोधांमध्ये एक रंग सामाईक असेल आणि त्या रंगाला तिसरं काहीही जोडलेलं नसेल, तर ते एकसर. हे "तिसरं काहीही नसेल" मुलं हमखास विसरतात आणि तिथेच मिश्र जोडणीचं गणित कोसळतं. एखाद्या रोधाची दोन्ही टोकं एकाच रंगाची निघाली तर तो शॉर्ट झाला आहे. त्याच्यातून धारा जात नाही, खोडून टाका.

आणखी एक गोष्ट वर्गात स्पष्ट सांगितली जात नाही, ती मी मुद्दाम सांगते. कुठलेही दोन रोध घेतले तर ते एकसर किंवा समांतर असलेच पाहिजेत असं नाही. दोन्ही नसू शकतात. २ ओहमच्या रोधापुढे ३ आणि ६ ओहमची समांतर जोडी असेल, तर २ आणि ३ यांचं नातं काय? काहीच नाही. ३ आणि ६ यांची जोडी समांतर, आणि त्या जोडीचा मिळून झालेला रोध २ शी एकसर. जे मूल "२ आणि ३ एकसर, म्हणून ५" असं लिहितं, त्याला सूत्र समजावण्यात वेळ घालवू नका. त्याला मधल्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा आणि विचारा, इथे किती तारा येऊन मिळतात? तीन येत असतील तर एकसर म्हणायचं नाही.

"पहिला बल्ब धारा खातो, दुसऱ्याला उरलेली मिळते"

ही चूक गणितात लपून राहते आणि एखाद्या साध्या तोंडी प्रश्नाने उघडी पडते. दोन सारखे बल्ब एकसर जोडले, कुठला जास्त उजळेल? "घटाच्या जवळचा" असं उत्तर आलं तर समजा, मुलाच्या मनात विद्युतधारा ही खर्च होणारी वस्तू आहे.

ती खर्च होत नाही. बल्बमध्ये ऊर्जा खर्च होते, प्रभार (चार्ज) नाही. तारेत जितके इलेक्ट्रॉन एका बाजूने येतात तितकेच दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात, वाटेत साठत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत. १८४५ मध्ये किरखॉफ यांनी विद्यार्थीदशेतच मांडलेला पहिला नियम हेच सांगतो: सांध्यात येणारी एकूण धारा आणि सांध्यातून जाणारी एकूण धारा समान. एकसर जोडणीत सांधाच नाही, म्हणून सगळीकडे धारा एकच.

हे शब्दांनी पटत नाही, करून दाखवावं लागतं. दोन बल्ब एकसर लावा आणि ॲमीटर तीन ठिकाणी ठेवून वाचन घ्या: घट आणि पहिल्या बल्बच्या मध्ये, दोन बल्बच्या मध्ये, दुसऱ्या बल्बनंतर. तिन्ही वाचनं सारखी येतात. ॲमीटर हाताशी नसेल तर बल्बची जागा आपसात बदला किंवा घट उलटा लावा. उजेडात फरक पडत नाही हे पाहिलेलं मूल पुन्हा तशी चूक करत नाही.

"घट ठरावीक धारा देतो, ती वाटली जाते"

ही समजूत वरच्या समजुतीहून चिवट आहे, आणि हुशार मुलांमध्येही ती दिसते. ६ व्होल्टची बॅटरी, ६ ओहमचा एक बल्ब. धारा १ ॲम्पिअर. आता तसाच दुसरा बल्ब समांतर लावला. मुलं लिहितात: १ ॲम्पिअर दोघांत वाटली गेली, प्रत्येकाला अर्धा.

पहिल्या बल्बला विचारून बघा की त्याच्यासाठी काय बदललं. त्याच्या दोन टोकांमध्ये आधी ६ व्होल्ट होते, आताही ६ व्होल्ट आहेत. रोध तोच. म्हणून ओहमच्या नियमाने (धारा = विभवांतर भागिले रोध) धाराही तीच, १ ॲम्पिअर. दुसऱ्यालाही १ ॲम्पिअर. बॅटरीला आता २ ॲम्पिअर द्यावे लागतात. बॅटरी किती धारा देणार हे ती स्वतः ठरवत नाही, समोर जोडलेला रोध ठरवतो. बॅटरी (शाळेच्या गणितापुरतं) राखते ते विभवांतर.

दादर स्टेशनच्या पुलावर ऐन गर्दीत आणखी एक जिना खुला केला तर पहिल्या जिन्यावरून उतरणारी माणसं निम्मी होत नाहीत. वर रेटा तेवढाच असतो, दोन्ही जिने भरून वाहतात आणि मिनिटाला उतरणारी माणसं वाढतात. जिना वाढला म्हणजे अडथळा कमी झाला. समांतर जोडणीत परिणामी रोध सर्वांत लहान रोधाहूनही कमी का येतो, याचं कारण हेच. एका बाबतीत मात्र हे उदाहरण सोडून द्यायचं: पुलावरून उतरलेला माणूस घरी जातो, प्रभार मात्र फिरून बॅटरीकडे येतो.

तेच दोन बल्ब एकसर लावले तर एकूण रोध १२ ओहम, धारा अर्धा ॲम्पिअर, प्रत्येक बल्बवर ३ व्होल्ट. समांतर असताना प्रत्येक बल्ब ६ वॅट घेत होता, आता दीड वॅट. विभवांतर निम्मं झालं की शक्ती एक चतुर्थांश होते. "उजेड अर्धा होईल" असं लिहिणाऱ्या मुलांना हा आकडा एकदा स्वतः काढायला लावा.

आकडेमोडीत जाणारे गुण

यावर फार वेळ घालवायची गरज नाही. ३ आणि ६ ओहम समांतर: १/३ + १/६ = १/२. आणि मूल उत्तर लिहितं १/२ ओहम. उलटं करायचं राहून गेलं. हे टाळायची तपासणी एका ओळीची आहे: समांतर जोडणीचं उत्तर सर्वांत लहान रोधाहून कमी यायला हवं, आणि दोनच रोध असतील तर त्या लहान रोधाच्या निम्म्याहून खाली जायला नको. ३ च्या निम्मे दीड. अर्धा ओहम येऊच शकत नाही. बरोबर उत्तर २.

दुसरी चूक म्हणजे "गुणाकार भागिले बेरीज" हे दोन रोधांचं सूत्र तीन रोधांना लावणं. २, ३ आणि ६ ओहमसाठी तसं केलं तर ३६ भागिले ११, म्हणजे सुमारे ३.३. सर्वांत लहान रोध २ असताना उत्तर ३.३ कसं? खरं उत्तर १ ओहम. एककं तपासली तरी पकडता येतं: वर ओहमचा घन, खाली ओहम, उत्तर ओहमच्या वर्गात. हे रोधाचं एककच नव्हे.

मिश्र जोडणीत चूक वेगळ्या प्रकारची. वरचंच उदाहरण, २ ओहमपुढे ३ आणि ६ ची समांतर जोडी, बॅटरी १२ व्होल्टची. एकूण रोध ४, धारा ३ ॲम्पिअर. इथपर्यंत सगळे बरोबर. मग ३ ओहममधली धारा काढताना १२ भागिले ३ = ४ ॲम्पिअर असं लिहितात. एकूण धाराच ३, मग एका फांदीत ४ कुठून आले? त्या जोडीवर १२ व्होल्ट नाहीतच. २ ओहमवर ६ व्होल्ट खर्ची पडले, उरले ६. म्हणून ३ ओहममधून २ ॲम्पिअर, ६ ओहममधून १, बेरीज ३. मुलांना सांगा, प्रत्येक टप्प्यावर आकृती नव्याने काढा आणि प्रत्येक रोधाशेजारी त्याचं स्वतःचं विभवांतर लिहा. आकृती न काढता मनातल्या मनात टप्पे उरकणारी मुलंच इथे घसरतात.

घरातल्या बोर्डावर हेच सगळं आहे

मूल गणितात अडलं असेल तर त्याला घरच्या स्विचबोर्डासमोर उभं करा. उघडू नका, नुसतं बघा. शहरात बेस्टचं मीटर असो की उपनगरात दुसऱ्या कंपनीचं, घरात येणारा पुरवठा २३० व्होल्टचा. दिवे, पंखे, फ्रिज सगळे एकमेकांना समांतर, म्हणून प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि एक बंद केला तरी दुसरा चालू राहतो. पण प्रत्येक बटण आपल्या दिव्याशी एकसर. बटण समांतर लावलं असतं तर ते दाबताच शॉर्ट सर्किट झालं असतं. आणि एमसीबी (धारा फार वाढली की आपोआप पडणारा स्विच) किंवा फ्यूज पुढच्या सगळ्या भाराशी एकसर, कारण त्याला एकूण धारा मोजायची असते. एकाच भिंतीवर दोन्ही जोडण्या कामाला लागलेल्या आहेत, आणि प्रत्येकीला तिथे असण्याचं कारण आहे. "समांतर जोडणीचे फायदे लिहा" या प्रश्नाचं उत्तर पाठ करण्यापेक्षा हा बोर्ड एकदा वाचलेला बरा.

एक्स्टेन्शन बोर्डाची भानगडही यातूनच कळते. १००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३ ॲम्पिअर घेते, १५०० वॅटची किटली सुमारे ६.५. दोन्ही एकाच बोर्डावर लावल्या आणि तो ६ ॲम्पिअरच्या सॉकेटमध्ये खोचला, तर त्या एका तारेतून जवळजवळ ११ ॲम्पिअर जायला बघतात. समांतर उपकरणं वाढली की एकूण रोध घटतो, धारा वाढते, तार तापते. एमसीबी पडते ती याच बेरजेमुळे.

गणपतीत लोहार चाळीतून आणलेली लायटिंगची माळ हा तर चालताबोलता धडा. बारीक बल्बांच्या जुन्या माळेत एक बल्ब सैल झाला की अख्खी माळ विझते, कारण सगळे एकसर. पण बल्ब एकसर का लावतात? बल्ब ६ व्होल्टचा, पुरवठा २३० चा. समांतर लावला तर बल्ब क्षणात जाईल. एकसर लावले तर साधारण ३८-४० बल्बांमध्ये २३० व्होल्ट वाटले जातात. एलईडीच्या माळेत बहुधा एकसर जोडलेले गट एकमेकांना समांतर असतात, म्हणून तिचा एखादाच तुकडा अंधारात जातो. काही जण गेलेले बल्ब कापून तारा पिळून जोडतात आणि माळ पुन्हा लावतात. ४० पैकी ८ बल्ब असे काढले तर उरलेल्या प्रत्येकाला पावणेसहाऐवजी ७ व्होल्टहून जास्त सोसावे लागतात आणि तेही लवकर जातात. शिवाय २३० व्होल्टवर उघडे सांधे, आणि बाहेर भाद्रपदातला पाऊस. हे कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

नाक्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात 'सिरीज बोर्ड' असतो, तो मुलांना जरूर दाखवा. सॉकेटशी एकसर जोडलेला एक जुना पिवळा बल्ब. दुरुस्तीला आलेलं उपकरण त्या सॉकेटला लावलं आणि ते आतून शॉर्ट असेल, तर सगळे २३० व्होल्ट बल्बवर येतात आणि बल्ब पूर्ण पेटतो, फ्यूज मात्र वाचतो. उपकरणात कुठे तार तुटली असेल तर बल्ब पेटतच नाही. पंख्याचं वाइंडिंग ठीक असेल तर विभवांतर दोघांत वाटलं जातं आणि बल्ब मंद लागतो. हा कारागीर एकसर जोडणीतली विभवांतराची वाटणी बल्बच्या उजेडावरून वाचत असतो.

यावरूनच एक प्रश्न, जो स्पर्धा परीक्षांत वारंवार येतो. ४० आणि १०० वॅटचे पिवळे बल्ब २३० व्होल्टवर एकसर लावले, जास्त कोण उजळेल? उत्तर ४० वॅटचा. त्याचा रोध सुमारे १३२३ ओहम, १०० वॅटच्याचा ५२९. धारा दोघांतून एकच, म्हणून जिथे रोध जास्त तिथे शक्ती जास्त. रोध कायम धरला तर ४० वॅटचा सुमारे २० वॅट घेतो आणि १०० वॅटचा जेमतेम ८. बल्बवर छापलेले वॅट त्याला पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तरच खरे असतात. एलईडी बल्बला हा हिशेब लागू नाही, त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर असतो. आणि हा प्रयोग घरी करायचा नाही, कागदावरच.

प्रयोग करताना पुस्तकाशी जुळत नाही तेव्हा

घरी करायचं ते फक्त सेलवर. लॅमिंग्टन रोडवर सेल होल्डर, टॉर्चचे बल्ब, रोध, क्रोकोडाइल क्लिप आणि साधा मल्टिमीटर हे सगळं मिळतं. मूल प्रयोग करतं, वाचन पुस्तकाशी जुळत नाही, आणि त्याला वाटतं आपलंच चुकलं. बऱ्याचदा त्याचं चुकलेलं नसतं.

बल्ब अजिबात लागत नाही आणि व्होल्टमीटर मात्र जवळजवळ पूर्ण ६ व्होल्ट दाखवतो: व्होल्टमीटर एकसर लावला गेला आहे. त्याचा रोध इतका मोठा की सगळं विभवांतर त्याच्यावरच येतं. ॲमीटर समांतर लावला असेल तर उलट, त्याच्यातून प्रचंड धारा जाते आणि आतला फ्यूज किंवा मीटरच जातो. हे करून बघू नका.

वाचन सारखं हलत असेल तर सांधे तपासा. मुंबईच्या दमट हवेत क्लिपा आणि होल्डरच्या पट्ट्या लवकर गंजतात, पावसाळ्यात तर विचारू नका. वार्निश असलेली तांब्याची तार वापरत असाल तर टोकं पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. नाहीतर जोडणी दिसते, पण असत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ घालणारी गोष्ट वेगळीच आहे. पुस्तक सांगतं, समांतर दुसरा बल्ब लावला तरी पहिल्याच्या उजेडात फरक पडत नाही. मूल करून बघतं, तर पहिला बल्ब स्पष्ट मंद होतो. कारण खऱ्या सेलला स्वतःचा आंतररोध असतो, आणि सेल जुना झाला की तो वाढतो. समजा ६ व्होल्टच्या बॅटरीचा आंतररोध १ ओहम आहे. ६ ओहमचा एकच बल्ब असताना धारा सुमारे ०.८६ ॲम्पिअर आणि बल्बवर ५.१ व्होल्ट. दुसरा बल्ब समांतर लावताच बाहेरचा रोध ३ ओहम, धारा दीड ॲम्पिअर, त्यातले दीड व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्ची पडतात आणि बल्बांवर साडेचारच उरतात. म्हणजे आंतररोध हा बाकीच्या सगळ्यांशी एकसर बसलेला आणखी एक रोध आहे. नवे सेल घाला, फरक कमी होईल. असा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलाला "पुस्तकात आहे ते लिही" म्हणून परत पाठवू नका. त्याने नीट निरीक्षण केलेलं असतं, आणि त्याला उत्तर मिळायलाच हवं.

आणखी एक: मल्टिमीटरने थंड बल्बचा रोध मोजून त्यावरून धारा काढली तर आकडा फारच मोठा येतो. तंतू तापला की त्याचा रोध कित्येक पटींनी वाढतो. ओहमचा नियम पडताळायला बल्ब घेऊ नका, साधे रोध घ्या.

रंगांची पद्धत अंगवळणी पडली का, हे तपासायला

एक चौकोन काढा, कोपरे क्रमाने अ, ब, क, ड. चारही बाजूंवर ४ ओहमचा एकेक रोध. अ आणि क मध्ये परिणामी रोध ४ ओहम, कारण ८ आणि ८ समांतर. अ आणि ब मध्ये मात्र ३ ओहम, कारण तिथे ४ आणि १२ समांतर. चौकोन तोच, बॅटरी कुठे लावली त्यावर जोडणी ठरते. हे पुष्कळ मुलांना नवीन असतं.

आता ब आणि ड साध्या तारेने जोडा आणि अ–क मधला रोध पुन्हा काढा. ब आणि ड एका रंगाचे झाले. अ ला जोडलेले दोन समांतर, २. क ला जोडलेले दोन समांतर, २. बेरीज ४. तार लावूनही उत्तर बदललं नाही. अ आणि क मध्ये ८ व्होल्ट लावून पाहा (क ला शून्य धरा): तार नसतानाही ब आणि ड दोन्ही ४ व्होल्टवरच होते. त्यांच्यात विभवांतर नाही, म्हणून तारेतून धारा नाही. बारावीत व्हीटस्टनचा पूल येतो तो हाच.

शेवटी अ–ब बाजूचा रोध ४ ऐवजी १२ करा. तार नसताना १६ आणि ८ समांतर, म्हणजे ५.३३ ओहम. तेच ८ व्होल्ट लावले तर ब आता २ व्होल्टवर आणि ड ४ व्होल्टवर. तार लावली की १२ आणि ४ समांतर ३, ४ आणि ४ समांतर २, एकूण ५ ओहम. एकूण धारा १.६ ॲम्पिअर. ती अ पाशी ०.४ आणि १.२ अशी फुटते, क कडे जाताना मात्र दोन्हीकडून ०.८ येते. म्हणजे मधल्या तारेतून ०.४ ॲम्पिअर धारा ड कडून ब कडे जाते.